एका सिमवर आठ जणांचं ऑफिस : फोरजी डोंगलचा सामाईक गेटवे

नागपूरजवळच्या वाडी-कापसीकडचं गोदामाला लागून असलेलं ऑफिस, बुटीबोरीतल्या मागच्या प्लॉटवरचं युनिट, नाहीतर इतवारीतली अशी गल्ली जिथे फायबर आलेलं आहे पण रस्त्याच्या खोदकामात कधी तुटेल याचा नेम नाही. अशा ठिकाणी काम मोबाइल डेटावर चालतं. म्हणजे काय, तर मालकांच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू आणि त्यावर चार कॉम्प्युटर. मालक साइटवर निघाले की नेटही त्यांच्या खिशातून निघून जातं. त्यापेक्षा एक सिम, एक डोंगल (सिम घालायचा यूएसबी मोडेम) आणि एक राउटर ऑफिसातच कायमचे बसवून टाकावेत. हाच ऑफिसचा गेटवे, म्हणजे सगळ्यांच्या नेटची एकच वाट. खालची मांडणी सहा ते दहा जणांच्या ऑफिससाठी आहे.

यातली निम्मी अक्कल जुन्या डायल-अपच्या काळातली आहे. तेव्हा ५६ केबीपीएसच्या एका मोडेमवर चार मशीन बसवायची असत, आता फोरजीवर आठ. लाइन तुंबण्याचं कारण मात्र तेच राहिलं: एकाने मोठी फाइल ओढली की बाकीचे सगळे ताटकळतात. त्यामुळे महागडा डोंगल आणि मोठा अँटेना घेऊनही ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार तशीच राहू शकते. गेटवेचं खरं काम या गर्दीला रांगेत उभं करणं आहे, आणि ते राउटरमध्ये दहा मिनिटांच्या सेटिंगने होतं. पण त्याआधी सिग्नल.

आधी सिग्नल मोजा, मग खरेदी

फोनवरच्या काड्यांवर जाऊ नका. अँड्रॉइड फोनच्या डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाका (आकडे अर्थातच इंग्रजी कीपॅडवरचे), फोनच्या माहितीचं पान उघडतं. काही कंपन्यांच्या फोनवर हे बंद असतं, तिथे सिग्नल दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या. तीन आकडे बघायचे. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा येतो ते. हा आकडा उणे असतो: उणे ९० पेक्षा चांगला असेल तर उत्तम, उणे १०५ पर्यंत काम भागतं, उणे ११० च्या खाली गेला की रडकथा सुरू. सिनर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत तो आवाज किती स्पष्ट: १३ च्या वर चांगला, शून्याच्या खाली गेला की काही खरं नाही. तिसरा आरएसआरक्यू, म्हणजे सिग्नलचा दर्जा, उणे १० च्या आसपास ठीक, उणे १५ च्या खाली वाईट.

यातला सिनर लोक बघतच नाहीत, आणि फसतात ते तिथेच. हायवेला लागून दोन-तीन टॉवर दिसत असतील तर आरएसआरपी झकास येतो, पण सगळे टॉवर एकमेकांवर बोलत असल्याने सिनर पडतो. फोनवर काड्या पूर्ण, आणि पोर्टल मात्र फिरतच राहतं. अशा जागी साधा, चहूकडून ओढणारा अँटेना लावला तर गोंगाटही तितकाच वाढतो. तिथे एकाच टॉवरकडे तोंड करणारा दिशादर्शी अँटेनाच लागतो.

मोजणी एकदा करून भागत नाही. सकाळी ११, दुपारी ४ आणि संध्याकाळी ६, असं तीनदा आणि दोन वेगवेगळ्या दिवशी मोजा, सोबत स्पीड टेस्टही घ्या. आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत. दोन कंपन्यांची सिम घेऊनच फिरा. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्या आत येतात. २३०० ची लहर आत येताना दमते, पण तिच्यावर जागा जास्त असते. त्यामुळे ‘त्या कंपनीचं नेट चांगलं’ हे सार्वत्रिक सत्य नसतं, तुमच्या खिडकीपुरतं असतं.

टिनाचं शेड असेल तर आत-बाहेरचा फरक स्वतः बघा. शटरच्या बाहेर उणे ८८ आणि आत टेबलावर उणे १०८, असा प्रकार नवलाचा नाही. पत्रा लहरी आत येऊच देत नाही. म्हणून डोंगलची जागा सिग्नल ठरवतो, टेबल नाही. यात एक नियम लक्षात ठेवला की अर्धे प्रश्न मिटतात: अंतर कापायचं ते लॅनच्या केबलने कापा. राउटर आणि डोंगल खिडकीजवळ किंवा व्हेंटिलेटरच्या झरोक्यापाशी ठेवा आणि तिथून कॅट-६ टाका. ती १०० मीटरपर्यंत बिनतक्रार जाते. यूएसबीची एक्स्टेंशन ५ मीटरच्या वर नियमातच बसत नाही, आणि स्वस्तातली तर २ मीटरवरच दगा देते. अँटेनाच्या केबलचं तर प्रत्येक मीटरला नुकसान.

हे नुकसान किती? १८०० मेगाहर्ट्झला एलएमआर-४०० जातीची जाड केबल १० मीटरमध्ये साधारण २ डेसिबल खाते. एलएमआर-२०० साडेचार-पाच खाते. सेटसोबत फुकट येणारी काडीसारखी पातळ केबल १० मीटरला १० डेसिबलच्या वर खाऊ शकते, म्हणजे अँटेनाने जे कमावलं ते केबलनेच गिळलं. अँटेना जोडता येणाऱ्या डोंगलवर त्यासाठी दोन बारीक छिद्रं असतात, ती सीआरसी-९ किंवा टीएस-९ जातीची. दोन्ही दिसायला सारखी, पण एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि जोर लावला तर आतली पिन वाकते. डोंगल सोबत नेऊन दुकानातच बसवून बघा. फोरजीला दोन अँटेना लागतात, एकमेकांशी काटकोनात, एक ४५ अंश डावीकडे आणि एक उजवीकडे. एकच जोडून दुसरं छिद्र रिकामं ठेवलं तर कधीकधी आधीपेक्षाही वेग पडतो.

डोंगल, राउटर आणि सिम

डोंगल अनलॉक्ड घ्या. एकाच कंपनीला बांधलेला स्वस्त मिळतो, पण सहा महिन्यांनी त्या टॉवरवर गर्दी वाढली की सिम बदलता येत नाही. डोंगल दोन स्वभावांचे असतात. एक ‘स्टिक’: तो निव्वळ मोडेम, नंबर फिरवण्याचं, म्हणजे कंपनीशी जोडणी लावण्याचं काम राउटरने करायचं. दुसरा ‘हायलिंक’: तो स्वतःच छोटा राउटर असतो, जोडला की १९२.१६८.८.१ वर स्वतःचं पान दाखवतो आणि पुढे तयार नेट देतो. जाणकार मंडळी स्टिकच्या बाजूने भांडतात. छोट्या ऑफिसला हायलिंक चालतो. त्यात पत्त्यांचं भाषांतर (नॅट, म्हणजे आतल्या सगळ्या मशीनना बाहेर एकच पत्ता) दोनदा होतं हे खरं, पण मोबाइल कंपनीकडे ते तसंही आणखी एकदा होतंच. स्टिकचा फायदा दुरुस्तीच्या वेळी कळतो, कारण त्याच्याशी थेट बोलता येतं.

राउटर यूएसबी पोर्टवाला, ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरवर चढवायचं खुलं, मोफत सॉफ्टवेअर) चालणारा, किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमचा. सीताबर्डीत राउटर घ्यायला जाण्याआधी ओपन-डब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत मॉडेल आणि त्याची आवृत्ती दोन्ही बघून जा. खोक्यावर नाव तेच, पण ‘व्ही ४’ आणि ‘व्ही ६’ यांच्या आत वेगळीच चिप असते, आणि दुकानदाराला त्याचं सोयरसुतक नसतं. सिम आत बसणारा तयार फोरजी राउटर घेतला तर लावायला सोपा, पण त्यात रांग लावण्याची सोय बहुतेक वेळा नसते किंवा नावापुरती असते.

सिमच्या बाबतीत हिशेब करून बघा. रोज २ जीबीवालं पॅक आठ जणांत वाटलं तर माणशी २५० एमबी येतात. दीड एमबीपीएसने चालणारा एक तासाचा व्हिडिओ कॉल एका दिशेनेच ६७५ एमबी नेतो. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे जवळजवळ डायल-अपच. ऑफिसला रोजच्या कोट्याचं पॅक घेऊच नका, महिन्याचा एकगठ्ठा डेटा असलेलं घ्या. कारण ऑफिसचा वापर रोज सारखा नसतो: ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, त्या दिवशी दुप्पट, आणि बाकी दिवस निवांत. सिम फर्मच्या किंवा मालकांच्या नावावरच हवं. अकाउंटंटच्या आधारवर घेतलेलं सिम अकाउंटंटसोबत नोकरी सोडून जातं. डोंगलमध्ये टाकण्याआधी ते फोनमध्ये घालून पिन लॉक काढून टाका, आणि रिचार्जची तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. वैधता संपत आल्याचा मेसेज डोंगलमध्ये येतो आणि तिथेच पडून राहतो, तो वाचायला कोणी नसतं.

वीज आणि ऊन

यूएसबीच्या साध्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात. सिग्नल कमजोर असला की डोंगल पूर्ण ताकदीने ओरडतो आणि याहून जास्त वीज मागतो. ती मिळाली नाही की तो क्षणभर मरतो आणि पुन्हा उठतो. याचं लक्षण ओळखीचं आहे: डाउनलोड ठीक, पण मोठी फाइल अपलोड करायला घेतली की नेट तुटतं. जीएसटीची फाइल चढवतानाच नेमकं जातं म्हणून पोर्टलला शिव्या बसतात, दोष मात्र वायरीचा असतो. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये टाका, नाहीतर १ मीटरची जाड वायर वापरा.

लाइट गेली तरी नेट टिकावं म्हणून डीसी मिनी यूपीएस पुरतो. राउटर आणि डोंगल मिळून ६-८ वॉट खातात. तीन सेलचा, साधारण २२ वॉट-तासांचा यूपीएस त्यावर अडीच तास काढतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्टेज वाचा, १२ चे असतात तसे ९ चेही असतात. आणि पिनची आतली जाडी बघा: २.१ आणि २.५ मिलीमीटर दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, चुकीची घातली तर ढिली बसते आणि टेबलाला धक्का लागला की राउटर रीस्टार्ट.

नागपूरच्या मे महिन्याचा वेगळा विचार करावाच लागतो. घरगुती राउटर ४० अंशांपर्यंत चालावा असा बनवलेला असतो, आणि इथे सावलीतच ४५ होतात. पत्र्याखाली छताला लटकवलेला राउटर दुपारी दोनला हँग होतो आणि संध्याकाळी आपोआप बरा होतो. टॉवरचा दोष समजून लोक सिम बदलत बसतात. राउटर खांद्याच्या उंचीवर, पत्र्यापासून दूर, मोकळ्या हवेत ठेवा. अँटेनाची केबल वाचवायला म्हणून सगळं बंद खोक्यात घालून गच्चीवर लावायची युक्ती पुण्यात चालत असेल, इथे मेमध्ये त्या खोक्याची भट्टी होते. कूलरच्या थेट झोतातही नको, त्या ओल्या हवेने डोंगलच्या पिना गंजतात. बाहेर अँटेना लावलाच तर त्याचा पाइप इमारतीच्या सर्वांत उंच टोकाच्या खाली ठेवा, पाइपाला जाड तांब्याच्या तारेने अर्थिंग द्या आणि केबल आत येते तिथे सर्ज अरेस्टर बसवा. जूनच्या पहिल्या गडगडाटात याची किंमत वसूल होते.

जोडणी

इथे एक गंमतशीर अडचण येते: डोंगल चालवायला राउटरवर पॅकेज, म्हणजे जादा प्रोग्राम लागतात आणि पॅकेज उतरवायला नेट लागतं. म्हणून ओपन-डब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टरवर आपलं मॉडेल निवडा आणि तिथेच पॅकेजांची नावं घालून तयार फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) बनवून घ्या. स्टिकसाठी यूएसबी-मोडस्विच, क्यूएमआयचा (मोडेमशी बोलायच्या भाषेचा) ड्रायव्हर, यूक्यूएमआय, लुसीचा (राउटरच्या सेटिंगच्या पानाचा) क्यूएमआय प्रोटोकॉल आणि सिरीयल पोर्टसाठी ‘ऑप्शन’ ड्रायव्हर. हायलिंकसाठी मोडस्विच आणि सीडीसी-ईथर, काहींना आरएनडीआयएस. सोबत एसक्यूएम (रांग लावणारं), एनएलबीडब्ल्यूमॉन (कोणी किती डेटा वापरला ते मोजणारं) आणि वॉचकॅट (नेट गेलं की जोडणी परत लावणारं) हेही टाकून घ्या. मोडस्विच कशाला? नवा डोंगल जोडला की तो आधी ‘मी सीडी ड्राइव्ह आहे’ असं सोंग घेतो, विंडोजला ड्रायव्हर द्यायला. मोडस्विच त्याला सांगतं की पुरे, आता मोडेम हो.

फर्मवेअर चढल्यावर पहिलं काम पासवर्ड, दुसरं लॅनचा पत्ता बदलणं. १९२.१६८.१.१ ठेवू नका, तोच पत्ता बहुतेकदा उद्या येणाऱ्या फायबरच्या डब्याचा असतो. १९२.१६८.८.१ डोंगलचा. १९२.१६८.५०.१ द्या आणि मोकळे व्हा. डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते देणारी सोय) १०० ते १९९ पर्यंत, आणि टॅलीचं मशीन, प्रिंटर, हजेरीचं यंत्र यांना १० ते ५० मधले पक्के पत्ते, नावासकट. नावं दिलेली नसतील तर पुढे वापराच्या यादीत नुसते आकडे दिसतात आणि कोणी डेटा खाल्ला याचा पत्ता लागत नाही.

मग नेटवर्कमध्ये नवा इंटरफेस. हायलिंक असेल तर प्रोटोकॉल डीएचसीपी क्लायंट, झालं. स्टिक असेल तर प्रोटोकॉल क्यूएमआय, उपकरण सीडीसी-डब्ल्यूडीएम०, प्रकार आयपीव्ही४/व्ही६ आणि एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव. एपीएन सगळा छोट्या इंग्रजी अक्षरांत: जिओचा जिओनेट, एअरटेलचा एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलचा बीएसएनएलनेट, व्हीआयचा तीन वेळा डब्ल्यू. शेवटी एक मोकळी जागा चुकून टाइप झाली तरी जोडणी होत नाही, आणि ती जागा डोळ्यांना दिसतही नाही. इंटरफेस फायरवॉलच्या ‘वॅन’ (बाहेरच्या नेटची बाजू) झोनमध्ये टाका. त्या झोनवर मास्करेडिंग (तेच पत्त्यांचं भाषांतर) आणि एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटांचा आकार आवाक्यात ठेवणं), दोन्हींवर खूण हवी.

ही दुसरी खूण सुटली तर फार चमत्कारिक बिघाड होतो. पिंग (पलीकडून उत्तर येतं का आणि किती वेळात, ते बघणारी आज्ञा) चालतं, गूगल उघडतं, आणि बँकेचं किंवा सरकारी पोर्टलचं पान अर्धं येऊन थांबतं. मोबाइलच्या वाटेवर डेटाची मोठी पाकिटं कुठेतरी अडकतात आणि ‘लहान पाठव’ हा निरोप परत येत नाही, म्हणून असं होतं. क्लॅम्पिंग करूनही तसंच राहिलं तर इंटरफेसचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४०० करून बघा.

स्टिकवर जोडणी झाल्यावर वॅनचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ असलेला, किंवा १० ने सुरू होणारा दिसेल, हायलिंकवर १९२.१६८.८ ने सुरू होणारा. म्हणजे बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये दोन दिवस घालवू नका, ते इथे होणार नाही. घरून टॅली बघायची असेल तर आतून बाहेर जाणारा वायरगार्डचा (एक व्हीपीएन) बोगदा एखाद्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत न्या आणि कीपअलाइव्ह (वाट जागी ठेवणारा निरोप) २५ सेकंद ठेवा, नाहीतर कंपनी शांत पडलेली वाट बंद करून टाकते.

रांग

आता मुख्य काम. एक प्रयोग करा: एका मशीनवर पिंग सुरू ठेवा आणि दुसऱ्यावरून १०० एमबीची फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा. ५० मिलीसेकंदांचं पिंग ८०० वर जाताना दिसेल, कधी दोन हजारांवर. वेग संपलेला नसतो. डोंगलच्या पोटात लांबलचक रांग साचलेली असते आणि बाकीच्यांची छोटी पाकिटं त्या फाइलच्या मागे उभी असतात.

उपाय असा की रांग डोंगलमध्ये साचूच द्यायची नाही, ती राउटरमध्ये लावायची, जिथे तिच्यावर आपला ताबा आहे. एसक्यूएममध्ये रांगेची पद्धत ‘केक’ निवडा. वेग भरताना कागदावरचा सर्वांत कमी आकडा घ्या, सर्वांत जास्त नाही, आणि त्याच्या ८५ टक्के भरा. दुपारी चारला १८ खाली आणि ६ वर मिळत असतील तर १५३०० आणि ५१००. हे आकडे किलोबिटमध्ये आहेत. एमबीपीएस समजून नुसते १५ लिहिले की अख्खं ऑफिस १५ केबीपीएसवर येतं आणि राउटर खराब निघाला म्हणून परत जातो. सकाळी ४० मिळत असताना १५ वर बांधून ठेवणं जिवावर येतं, पण आकडा वाढवला की गर्दीच्या वेळी, म्हणजे गरजेच्या वेळीच, रांग पुन्हा डोंगलमध्ये जाते आणि केकचा उपयोग शून्य.

केकच्या जादा पर्यायांत येणाऱ्या बाजूला ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट’ आणि जाणाऱ्या बाजूला ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ लिहा. त्याने वाटणी मशीननिहाय होते, म्हणजे एकाने वीस टॅब उघडले तरी त्याला एकाच माणसाचा वाटा. एसक्यूएम कोणत्या इंटरफेसवर लावलं तेही तपासा, चुकीच्यावर लावलं तर सगळं हिरवं दिसतं आणि फरक काही पडत नाही. फायरवॉलमधलं फ्लो ऑफलोडिंग बंद हवं, ते पाकिटांना रांगेच्या बाजूने पळवून नेतं. मग तोच अपलोडचा प्रयोग परत करा. पिंग १०० च्या आत राहिलं तर जमलं.

रांगेने प्रत्येकाला वाटा मिळतो, डेटा वाचत नाही. तो वाचवायचा तर मशीनवर जावं लागतं. प्रत्येक विंडोजमध्ये हे कनेक्शन ‘मीटर्ड’ (डेटा मोजका असलेलं) करा, लॅनच्या केबलवरही ते करता येतं. अपडेटच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये ‘फक्त माझ्या लोकल नेटवर्कवरची मशीन’ निवडा, म्हणजे एकाने उतरवलेलं अपडेट बाकीचे लॅनवरून घेतील, आठदा शेकडो एमबी जाणार नाहीत. अपडेट कायमचे बंद करून मात्र बसू नका, शनिवारी संध्याकाळी मीटर्ड काढा आणि होऊ द्या. कर्मचाऱ्यांच्या फोनसाठी वेगळं गेस्ट वायफाय, लॅनपासून तोडलेलं, २ एमबीपीएसवर बांधलेलं. ते अजिबात न देणं हाही मार्ग आहे, पण मग मुख्य वायफायचा पासवर्ड आठवडाभरात सगळ्यांच्या फोनमध्ये असतो.

फायबरही असेल तर

फायबर मुख्य आणि सिम राखीव, हे एमवॅन३ या पॅकेजने होतं. फायबरचा मेट्रिक (पसंतीचा क्रमांक, लहान तो आधी) १०, सिमचा २०. मेट्रिकवरच विसंबून राहिलात तर फसाल: रस्त्यावर केबल तुटली तरी तुमच्या भिंतीवरच्या डब्याची लॅनची बत्ती हिरवीच असते, राउटरला वाटतं सगळं ठीक. म्हणून दोन पत्त्यांवर पिंग ठेवून खरंखोटं करायचं, ८.८.८.८ आणि १.१.१.१, दोनपैकी एकाने उत्तर दिलं तरी लाइन जिवंत. दर ५ सेकंदांनी पिंग, सलग ३ चुकले की सिमवर जा. परतताना घाई नको, सलग १२ बरोबर आले की मगच फायबरवर. नाहीतर खाली केबल जोडणारा माणूस चाचणी घेत असतो आणि इथे लाइन पाच मिनिटांत दहादा इकडून तिकडे उडी मारते. प्रत्येक उडीला पत्ता बदलतो आणि नेटबँकिंग लॉगआउट करतं.

‘नेट नाही चालून राहिलं’

ही हाक आली की आधी एकच प्रश्न: एकाचं की सगळ्यांचं? एकाचं असेल तर त्याची केबल. सगळ्यांचं असेल आणि स्टिक डोंगल असेल, तर सिरीयल पोर्ट उघडून मोडेमशी बोला. ‘एटी’ लिहून एंटर, उत्तर ‘ओके’ यायला हवं. ते आलंच नाही तर मोडेम झोपलाय, वीज काढून परत लावा. ‘एटी+सीपीआयएन?’ विचारा, ‘रेडी’ आलं म्हणजे सिम बसलंय, ‘एरर’ म्हणजे सिम सरकलंय किंवा त्याच्या पट्ट्या मळल्यात. ‘एटी+सीएसक्यू’ ला ० ते ३१ मधला आकडा येतो, दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की सिग्नलची एकूण ताकद कळते (हा आरएसआरपी नव्हे): १५ आला म्हणजे उणे ८३. ९९ आला म्हणजे सिग्नल कळतच नाही, अँटेनाची पिन बघा. मग ‘एटी+सीईआरईजी?’, यातला दुसरा आकडा महत्त्वाचा. १ म्हणजे टॉवरने घरात घेतलं, ५ म्हणजे रोमिंग, २ म्हणजे अजून शोधतोय, आणि ३ म्हणजे टॉवरने हाकललं. ३ दिसला की राउटरला हात लावू नका, बहुधा सिम बंद झालंय. शेवटी ‘एटीडी*९९#’, तोच जुना नंबर फिरवणं. ‘कनेक्ट’ आलं तर मोडेम आणि सिम ठणठणीत, दोष इंटरफेसच्या सेटिंगमध्ये. ‘नो कॅरिअर’ आलं तर आधी एपीएन तपासा.

वॉचकॅट लावताना त्याला राउटर नव्हे, फक्त इंटरफेस रीस्टार्ट करायला सांगा, आणि पाच मिनिटं पिंग नसेल तरच. अख्खा राउटर रीस्टार्ट करू दिला तर टॉवर बंद असताना तो दिवसभर उठबशा काढतो आणि लॅनवरची टॅली-छपाईही थांबते.

आणि पिंग ठीक, सिग्नल ठीक, वॉचकॅट गप्प, तरी दुपारी तीनला सगळं गोगलगाय झालं असेल तर कोटा संपलाय. एनएलबीडब्ल्यूमॉनचं पान उघडा, मशीनच्या नावांपुढे वापर लिहिलेला असतो. सर्वांत वरचं नाव बहुतेक वेळा माणसाचं नसतं: गोदामातला सीसीटीव्हीचा रेकॉर्डर क्लाउडवर चित्रं चढवत बसलेला असतो. त्याच्या पक्क्या पत्त्याला फायरवॉलमध्ये वॅनची वाट बंद करा, ऑफिसातल्या स्क्रीनवर तो तरीही दिसत राहील.